माळवदाला किती तारे?
हरित इमारतींच्या मूल्यांकन पद्धतीची एक चिकित्सा

पुण्या-मुंबईच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत ‘प्लॅटिनम’, ‘गोल्ड’, ‘पंचतारांकित हरित इमारत’ असे शब्द दिसू लागले, तेव्हा सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्या आम्हा लोकांना ते परक्या गावचे वाटत होते. आता तसे म्हणता येणार नाही. राज्य शासनाची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. मोजके अपवाद सोडले तर ती राज्यभर चालते, आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या नातेपुत्यालाही तीच लागू आहे. या नियमावलीत हरित इमारतींना वाढीव चटईक्षेत्र देण्याची तरतूद आहे. ‘गृह’ पद्धतीचे तीन तारे किंवा तत्सम ‘सिल्व्हर’ मानांकन मिळाले तर मूळ चटईक्षेत्राच्या ३ टक्के, चार तारे किंवा ‘गोल्ड’ मिळाले तर ५ टक्के आणि पाच तारे किंवा ‘प्लॅटिनम’ मिळाले तर ७ टक्के. शासकीय, निमशासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इमारतींना तर किमान तीन ताऱ्यांची अटच आहे. म्हणजे उद्या एखाद्या नगरपंचायतीने स्वतःचे कार्यालय बांधायला घेतले, तरी तिला आधी गुणपत्रिका हातात घ्यावी लागणार.

ज्या गुणपत्रिकेवर बांधकामाची परवानगी आणि सार्वजनिक पैसा अवलंबून राहतो, ती कशी तयार होते हे नागरिकांना ठाऊक असायला हवे. हरित इमारतींविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक कौतुकाचे असते, किंवा मग ‘हे सगळे थोतांड’ असे एका वाक्यात उडवून लावणारे असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाटा सोडून मूल्यांकनाची रीत तपासायची आहे. गुण कशाला मिळतात, कशाला मिळत नाहीत, आणि आपल्यासारख्या उष्ण, कोरड्या, पाण्याची ओढ असलेल्या गावाला ही फूटपट्टी कितपत बसते, एवढाच प्रश्न आहे.

गुणपत्रिकेचा जन्म

इमारतीच्या पर्यावरणीय गुणवत्तेला अंक देण्याची पद्धतशीर सुरुवात १९९० साली ब्रिटनमधल्या ‘ब्रीअम’ या पद्धतीने झाली. अमेरिकेत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलने नव्वदच्या दशकाअखेर ‘लीड’ ही पद्धत आणली. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल सुरू केली, आणि २००३ मध्ये हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला लीडचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ती पहिली इमारत.

परदेशी फूटपट्टीतला दोष आपल्याकडच्या अभ्यासकांना लवकरच दिसला. वातानुकूलित काचेच्या कार्यालयांसाठी बेतलेली पद्धत भारतातल्या पंख्यावर चालणाऱ्या इमारतींना कशी लावणार? त्यातून दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने ‘गृह’ ही पद्धत विकसित केली आणि २००७ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. आयआयटी कानपूरच्या पर्यावरण अभियांत्रिकी केंद्राची इमारत ही पाच तारे मिळवणारी पहिली. पुण्यात हडपसरला वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेल्या सुझलॉनच्या ‘वन अर्थ’ संकुलाने लीडचे प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे असे दोन्ही मान मिळवले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तर गृहच्या ताऱ्यांप्रमाणे बांधकाम व्यावसायिकांना अधिमूल्यात आणि रहिवाशांना मालमत्ता करात सवलत देऊन ही पद्धत सामान्य सदनिकेपर्यंत नेली.

गृहची कार्यपद्धती थोडक्यात अशी. प्रकल्पाची नोंदणी होते, बांधकाम चालू असताना तपासनीस जागेवर येऊन पाहणी करतात, वास्तुविशारद आणि सल्लागार प्रत्येक निकषासाठी नकाशे, आकडेमोड, बिले, छायाचित्रे सादर करतात, आणि बाहेरचे मूल्यांकनकर्ते ती तपासून गुण देतात. मिळालेले मानांकन पाच वर्षे वैध असते. २०१९ च्या आवृत्तीत ३० निकष आणि ११ विभाग आहेत. जागेच्या नियोजनाला १२ गुण, बांधकामाच्या व्यवस्थापनाला ४, ऊर्जेला १८, वापरणाऱ्यांच्या सुखसोयीला १२, पाण्याला १६, घनकचऱ्याला ६, बांधकाम साहित्याला १२, आयुष्यभराच्या खर्चाच्या हिशेबाला ५, सामाजिक-आर्थिक बाबींना ८ आणि मोजमाप व देखरेखीला ७. असे झाले १००. नावीन्यासाठी वरचे ५. पंचवीस गुणांना पहिला तारा, ४१ ला दुसरा, ५६ ला तिसरा, ७१ ला चौथा आणि ८६ ला पाचवा.

या पद्धतीने काही गोष्टी निश्चित चांगल्या केल्या. पाया खणताना वरची सुपीक माती वेगळी राखून ठेवावी, बांधकामावरच्या मजुरांना पिण्याचे पाणी, शौचालय आणि सुरक्षेची साधने द्यावीत, राखेच्या विटा वापराव्यात, असे मुद्दे तिने कागदावर आणले. बांधकाम मजुराची सोय हा इमारतीच्या गुणवत्तेचा भाग आहे असे म्हणणारी गुणपत्रिका आपल्या देशात तयार झाली, ही लहान गोष्ट नव्हे. पुढची टीका या श्रेयाचा मान ठेवूनच करायची आहे.

बेरजेतली अडचण

पहिला आक्षेप बेरजेवर आहे. शाळेत मराठीत ९० आणि गणितात २० मिळाले तर विद्यार्थी गणितात नापासच राहतो. मानांकनात मात्र वेगवेगळ्या विषयांचे गुण एकमेकांत मिसळतात. काही निकष आणि काही किमान मर्यादा अनिवार्य आहेत, हे खरे. ती पायरी ओलांडली की पुढे मात्र एका विभागातली उणीव दुसऱ्या विभागातून भरून काढता येते. ऊर्जा आणि पाणी मिळून ३४ गुण होतात आणि उरलेल्या विभागांचे ६६. तीन ताऱ्यांना ५६ पुरतात. म्हणजे निव्वळ अंकगणिताने पाहिले तर ऊर्जा आणि पाण्यात फक्त अनिवार्य तेवढेच करून, बाकीची मजल इतर विभागांतून मारता येते.

कोकणात पाण्यात थोडी ढिलाई झाली तर एक वेळ चालेल. माळशिरस तालुक्यात ती कशी चालेल? नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारात पोहोचते तिथे ऊस उभा असतो आणि चार-सहा मैलांवर, मानदेशाच्या अंगाला, बोअर आटून टँकरची वाट पाहावी लागते. इथल्या इमारतीने सौर पॅनेल बसवून पाण्याची उणीव भरून काढली, हे वाक्य बेरजेत बरोबर आणि गावात चूक आहे. गुणांची वाटणी देशभर एकच असते आणि तहान मात्र जागेप्रमाणे बदलते.

दुसरी बाब ताऱ्यांच्या उंबरठ्याची. गृहच्या मूळ ३४ निकषांच्या पद्धतीत पहिला तारा ५० गुणांना मिळत असे. २०१५ च्या आवृत्तीपासून तो २५ गुणांना मिळू लागला. निकषांची मांडणीही बदलली असल्याने ‘पातळी निम्म्यावर आणली’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण इमारतीच्या दारावरच्या पाटीवर आवृत्तीचे वर्ष ठळक नसते, तारे ठळक असतात. २०१२ चे तीन तारे आणि २०२२ चे तीन तारे एकाच मापाचे आहेत असे समजून लोक तुलना करतात, आणि ती तुलना करण्याचा हक्क ही पाटी त्यांना देऊ शकत नाही.

कशाच्या तुलनेत?

बचत हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. कशाच्या तुलनेत बचत, हे सांगावे लागते. मूल्यांकनात आधी एक ‘आधारभूत’ इमारत कल्पिली जाते आणि प्रस्तावित इमारत तिच्यापेक्षा किती टक्के कमी वीज किंवा पाणी घेईल यावर गुण ठरतात. यात जो मुळात जास्त वापरणार होता त्याला कमी करायला वाव जास्त असतो.

ऊर्जा दक्षता ब्युरोने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी आणलेल्या तारांकन योजनेचा मूळ तक्ता पाहिला की हा मुद्दा लख्ख होतो. ही योजना एका अर्थाने जास्त प्रामाणिक आहे, कारण ती नकाशावर न जाता वर्षभरात प्रत्यक्ष किती युनिट वीज लागली ते विचारते आणि तिला क्षेत्रफळाने भागते. सोलापूर ज्यात मोडते त्या उष्ण-कोरड्या हवामान विभागात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कार्यालयाला दर चौरस मीटरला वर्षाकाठी ८० युनिटांपेक्षा कमी वीज लागली तर पाच तारे. निम्म्याहून कमी भाग वातानुकूलित असेल तर मात्र ७५ ते ६५ युनिटांना एकच तारा, आणि पाच ताऱ्यांसाठी ३५ च्या खाली यावे लागते.

आता हजार-हजार चौरस मीटरची दोन कार्यालये शेजारीशेजारी आहेत असे धरू. पहिले वातानुकूलित, वर्षाला ७९,००० युनिट, पाच तारे. दुसरे बहुतांशी पंखे आणि कूलरवर चालणारे, वर्षाला ७०,००० युनिट, एक तारा. ज्याने ९,००० युनिट कमी जाळली त्याच्या दारावर चार तारे कमी. योजनाकारांचे उत्तर असे असेल की सारख्याची सारख्याशी तुलना करायची असते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण ‘वातानुकूलन न करता भागवता येईल का’ हाच इमारत बांधण्यातला सगळ्यात मोठा निर्णय असतो, आणि नेमका तोच निर्णय या तक्त्यात गुणांच्या बाहेर राहतो. वजन कमी करण्याच्या स्पर्धेत मुळात सडपातळ असलेल्याला बक्षीस मिळत नाही, तसे हे झाले.

भागाकारातही एक मेख आहे. वीज चौरस मीटरने भागली की मोठे घर आपोआप सज्जन दिसते. चार माणसांचा २८० चौरस मीटरचा बंगला दर चौरस मीटरला ३० युनिट वापरतो असे समजा. वर्षाची वीज झाली ८,४०० युनिट, माणशी २,१००. पाच माणसांचे ५६ चौरस मीटरचे घर दर चौरस मीटरला ४५ युनिट वापरते. वर्षाची वीज २,५२० युनिट, माणशी जेमतेम ५०४. तक्त्यात बंगला पुढे आणि लहान घर मागे. क्षेत्रफळाने भागण्याऐवजी माणसांनी भागले की क्रम उलटा होतो.

माणसे मोजण्यातही आपल्याकडे एक खास अडचण आहे. मूल्यांकनात इमारतीत रोज किती माणसे असतील याचा एक ठरीव आकडा धरावा लागतो. आषाढी वारीत माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि पुढे नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या रात्री गावातल्या शाळा, मंगल कार्यालये, देवळांचे मंडप, घरांचे सोपे आणि गच्च्या माणसांनी भरून जातात. वर्षातून एका रात्री कितीतरी पट माणसांना सामावून घेणे ही या गावातल्या सार्वजनिक इमारतींची सगळ्यात जुनी कसोटी आहे. मोकळे पटांगण, रुंद व्हरांडा, पाण्याची मोठी टाकी, बाहेरून जाता येईल अशी शौचालये यांची किंमत त्या रात्री कळते. सरासरी दिवसावर बेतलेल्या हिशेबात हा गुण बसायला जागा नाही.

कागद आणि वीजबिल

तिसरा आक्षेप काळाचा आहे. मानांकनाचे बरेचसे गुण इमारत पूर्णपणे वापरात येण्याआधीच्या कागदांवर आणि संगणकीय अंदाजांवर ठरतात. अंदाज आणि बिल यांत किती अंतर पडते याचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील न्यूशॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लीड मानांकित १०० इमारतींच्या प्रत्यक्ष वीज-इंधन वापराची तपासणी केली. सरासरीने या इमारती दर क्षेत्रफळाला १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. मात्र त्यांतल्या २८ ते ३५ टक्के इमारती आपल्या जोडीच्या साध्या इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा वापरत होत्या. आणि सगळ्यात बोलका निष्कर्ष असा की मानांकनाची पातळी किंवा ऊर्जेसाठी मिळालेले गुण यांचा प्रत्यक्ष वापराशी फारसा संबंध आढळला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लावायला हवा. हरित इमारती निरुपयोगी आहेत असे तो म्हणत नाही; सरासरी बचत झालीच होती. पण एखाद्या विशिष्ट इमारतीच्या पाटीवरून त्या इमारतीचे बिल ओळखता येत नाही, एवढे तो नक्की सांगतो. नियमावलीतली सवलत मात्र सरासरीला मिळत नसते, त्या विशिष्ट इमारतीलाच मिळते. वाढीव चटईक्षेत्र पूर्व-मानांकनाच्या आधारे दिले जाते. शेवटी ठरलेले मानांकन मिळाले नाही तर दंडाची तरतूद नियमावलीत आहे, हे चांगलेच. तरी त्या दंडाची कसोटीही मानांकन हीच आहे, बिल नव्हे. पाच वर्षांनी मानांकनाची मुदत संपते. वाढलेला मजला मात्र पाच वर्षांनी उतरवला जात नाही.

आणि या बक्षिसाच्या स्वरूपाकडेही पाहावे. हजार चौरस मीटर मूळ चटईक्षेत्र असलेल्या प्रकल्पाला पाच ताऱ्यांबद्दल ७० चौरस मीटर जास्तीचे बांधकाम मिळते. सिमेंट, पोलाद, वाळू कमी वापरल्याचे बक्षीस म्हणून आणखी सिमेंट, पोलाद, वाळू वापरण्याची मुभा! विकासकाला हे आकर्षक वाटते यात आश्चर्य नाही. आणि आकर्षक वाटल्याशिवाय कोणी या वाटेला येणार नाही, हा शासनाचा व्यवहारी विचारही समजण्यासारखा आहे. पण नातेपुत्यासारख्या गावात, जिथे बहुतेक बांधकाम एकेका कुटुंबाचे घर असते आणि वाढीव चटईक्षेत्र विकून पैसे करण्याचा प्रश्न येत नाही, तिथे या बक्षिसाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. लहान इमारतींसाठी गृहची ‘स्वगृह’ ही सोपी पद्धत आहे, २,५०० चौरस मीटरच्या आतल्या इमारतींना १४ निकष आणि ५० गुण. प्रयत्न स्तुत्य आहे. तरी नोंदणी, शुल्क आणि सल्लागार आलेच. गवंडी आणि घरमालक मिळून बांधलेल्या घराच्या वाट्याला ती सहसा येणार नाही.

माळवदाचा हिशेब

आता ज्या घरांना कधीच कोणी गुण दिले नाहीत त्यांच्याकडे वळू. सोलापूर आणि मराठवाड्याच्या पट्ट्यातले जुने घर म्हणजे माळवद, म्हणजेच धाब्याचे घर. दगडाच्या किंवा भेंड्यांच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा किलचा, वर पाला आणि त्यावर गावच्या पांढरीतल्या मातीचा चोपलेला थर. उजेडासाठी आणि धुरासाठी छताला सवणे. पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती टाकायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. मातीची, लाकडाची ही छते आता बहुतेक गावांतून उतरत चालली आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅब किंवा पत्रा येत आहे.

केंद्राने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात छतासाठी एक साधी अट आहे: छतातून आत येणाऱ्या उष्णतेचा गुणांक दर चौरस मीटर, दर अंशाला १.२ वॅटपेक्षा जास्त नसावा. उघड्या सिमेंट-काँक्रीटच्या सहा इंची स्लॅबचा हा गुणांक तीनच्या आसपास किंवा वर जातो. आता माळवदाचे पाहू. मातीचा थर दीड फूट, कोरड्या चोपलेल्या मातीची उष्णतावाहकता सुमारे ०.७, खाली दोन इंच लाकूड, असे धरून गणित मांडले तर गुणांक ०.८ ते ०.९ च्या दरम्यान येतो. गणित ढोबळ आहे. माती ओली असेल, थर पातळ असेल तर आकडा वाढेल. तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. आजच्या राष्ट्रीय संहितेने छताला घातलेली अट आपले जुने माळवद आरामात पुरी करते, आणि त्या जागी आलेला उघडा स्लॅब ती सपशेल चुकवतो. चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना माळवदाखालची खोली का हवीशी वाटते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

म्हणून माळवदाला पाच तारे द्यावेत काय? इथे जपून बोलायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या मृत्यूंत चिखलात रचलेल्या दगडी भिंतींचा आणि त्यांवरच्या मातीच्या जड छतांचा मोठा हात होता. जे छत उन्हाळ्यात राखते तेच हादऱ्यात अंगावर येते. शिवाय माळवद गळते, त्याला उंदीर-घुशी लागतात, दरवर्षी माणसांचे हात लागतात, आणि त्यासाठीचे लाकूड आज कुणाला परवडणार? घरातल्या बाईला वर्षानुवर्षे सारवण आणि डागडुजी करायला लावणाऱ्या घराचे गोडवे गाणे तिसऱ्याच माणसाला सोपे असते. लोकांनी स्लॅब निवडला तो मूर्खपणाने नव्हे. त्यांना टिकाऊपणा हवा होता, वर मजला चढवता यायला हवा होता, आणि ‘पक्क्या घराची’ प्रतिष्ठा हवी होती.

या उदाहरणातून मूल्यांकनाबद्दल मात्र एक महत्त्वाची गोष्ट कळते. मानांकनाचे दार बहुधा नव्या बांधकामाकडे उघडते. उभ्या असलेल्या इमारतींसाठी वेगळ्या पद्धती आहेत, तरी सवलती आणि जाहिराती यांचा ओढा नव्याकडेच असतो. शंभर वर्षांचा मजबूत दगडी वाडा पाडून त्या जागी पाच ताऱ्यांची इमारत उभी राहिली तर आपण एक तारांकित इमारत मिळवली असे मोजतो. वाड्याच्या दगड-लाकडात आधीच घातलेली मेहनत आणि ऊर्जा, तो पाडण्यात निघालेला राडारोडा, यांचा हिशेब त्या आनंदात हरवतो. न पाडलेल्या भिंतीला गुण देण्याची सोय या गुणपत्रिकेत सगळ्यात कच्ची आहे.

पाण्याचे गणित

पाण्याच्या विभागातही तीच गोष्ट. कमी पाणी सोडणारे नळ आणि दुहेरी फ्लश यांना गुण मिळतात, कारण आधारभूत इमारतीत पाणी भरपूर वाहते असे गृहीत असते. सांडपाण्याच्या गटारी असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर आणि तशी सोय नसलेल्या गावांसाठी ७० लिटर हे आपल्याकडचे पाणीपुरवठ्याचे रूढ मापदंड. जिथे नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि माणसे आधीच बादली मोजून आंघोळ करतात, तिथे नळाच्या तोटीतून काय वाचणार?

इथे उपयोगी पडणारे गणित वेगळे आहे. छत १०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, वीस टक्के वाया गेला, तरी ४०,००० लिटर पाणी हाती लागते. पाच माणसांच्या घराला माणशी ७० लिटरने रोज ३५० लिटर लागतात. म्हणजे ते पाणी ११४ दिवस पुरते, जवळजवळ चार महिने. माणशी १३५ लिटर वापरले तर तेच पाणी ५९ दिवसांत संपते. या हिशेबाला कोणतीही संगणक प्रणाली लागत नाही. मात्र तो खरा व्हायचा तर पाणी साठवायला टाकी लागते, किंवा ते बोअरमध्ये नीट गाळून सोडावे लागते. नकाशात दाखवलेला पुनर्भरणाचा खड्डा पुढच्या पावसाळ्यात गाळाने बुजला की गुण कागदावर राहतात आणि पाणी रस्त्यावर जाते. म्हणून पहिल्या पावसाआधी खड्डा उपसला का, हा प्रश्न दरवर्षी विचारला पाहिजे. मूल्यांकनकर्ता दरवर्षी येत नाही. गावातल्या गावात विचारणारे कोणीतरी लागते.

मग करावे काय?

मानांकन मोडीत काढा, असे या लेखाचे म्हणणे नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्रकल्पांना शिस्त लावायला ते काही प्रमाणात उपयोगी पडले आहे आणि सार्वजनिक इमारतींना किमान तीन ताऱ्यांची अट ही बेफिकिरीपेक्षा केव्हाही बरी. पण लहान गावांनी त्या पाटीवर विसंबू नये, एवढे मात्र ठामपणे म्हणायला हवे.

नगरपंचायतीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या नव्या इमारतीत तीन गोष्टी ताऱ्यांची वाट न पाहता करता येतात. पहिली, छत. स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा गिलावा केला तर आतला ताप बराच उतरतो. माळवदाकडून शिकण्याचा धडा मातीचा नाही, छत आधी पाहावे हा आहे. दुसरी, खिडकी. इको-निवास संहितेने उष्ण-कोरड्या भागासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र जमिनीच्या किमान १० टक्के सांगितले आहे. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला १२ चौरस फूट. कोणत्याही गवंड्याला हे टेपने मोजता येते. पश्चिमेच्या उन्हावर छज्जा हवा, हे सांगायला तर संहितेचीही गरज नाही. तिसरी, हिशेब. दरवर्षी किती युनिट वीज लागली, किती हजार लिटर पाणी लागले, टँकर किती आले आणि इमारत किती माणसांनी वापरली, हे चार आकडे दर्शनी भिंतीवर लिहावेत, मागच्या वर्षाच्या आकड्यांशेजारी. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जात असे, तसेच हे आहे. चुकीचा आकडा लिहिला तर बिल पाहून कोणीही बोलू शकेल, आणि ही सोय कोणत्याही मानांकनात नाही.

नियमावलीतही एक दुरुस्ती मागता येईल. सवलतीचा काही भाग इमारत वापरात आल्यानंतरच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष बिलांवर अवलंबून ठेवावा, आणि सवलत चटईक्षेत्राऐवजी मालमत्ता करातून द्यावी. कराची सवलत दरवर्षी देता येते आणि वापर वाढला की दरवर्षी काढूनही घेता येते. लहान घराच्या मालकालाही ती मिळू शकते. पिंपरी-चिंचवडने कराची वाट दाखवलीच आहे. तिला ताऱ्यांऐवजी बिलाची जोड द्यायची एवढेच उरते.

गुण देणाऱ्याची एक जबाबदारी असते. तो जे मोजतो त्याकडे समाजाचे लक्ष जाते आणि जे सोडून देतो ते हळूहळू नजरेआड होते. कमी जागेत राहणे, पंख्यावर भागवणे, पडवीत झोपणे, जुने घर डागडुजी करून आणखी एक पिढी वापरणे, वारकऱ्यांसाठी पटांगण मोकळे ठेवणे, या सवयींनी आपल्या गावांचा भार आजवर हलका ठेवला. तारे मोजण्याच्या नादात त्या सवयी गरिबीच्या खुणा ठरल्या आणि एकेक करून सुटत गेल्या, तर उद्या त्या परत आणायला कितीही गुण कमी पडतील.